भारदस्त लाल वाइनची शिफारस कशी करावी

‘चांगली, भारदस्त लाल वाइन सुचवा, मोठ्या कंपनीची नको, एखाद्या कुटुंबाच्या वाइनरीची असेल तर उत्तम,’ अशी विचारणा मला अनेक वर्षे होत आली आहे. तिला उत्तर देताना मी सुरुवातीला ज्या चुका केल्या, त्यांतल्या बहुतेक आजही इतरांच्या शिफारशींत जशाच्या तशा दिसतात. एक नाव सांगितले, दोन विशेषणे जोडली आणि ‘डोळे झाकून घ्या’ असे म्हटले की शिफारस झाली, असा सर्वसाधारण समज आहे. हलक्या वाइनच्या बाबतीत तेवढ्याने भागतेही. भारदस्त वाइनच्या बाबतीत भागत नाही, कारण तीच बाटली घाईने उघडून प्यायली तर तोंड कोरडे करून सोडते आणि योग्य वेळी प्यायली तर तिचे नाव विसरता येत नाही. म्हणून अशा शिफारशीत तीन गोष्टी असायलाच हव्यात: बाटली, तिच्या हंगामाचे वर्ष आणि ती पिण्याच्या किती तास आधी उघडायची याची सूचना. ही तिसरी गोष्ट सांगता यावी म्हणून जी परीक्षा करावी लागते, ती या कामातली एकच अवघड पायरी आहे.

आधी विचारणाऱ्याला विचारावे

तीन प्रश्न पुरतात. बिनदुधाचा, बिनसाखरेचा कडक चहा आवडतो का? बाटली कधी उघडणार, याच आठवड्यात की काही वर्षांनी? आणि ती जेवणाबरोबर घेणार की नुसतीच? चहाचा प्रश्न वरवर असंबद्ध वाटतो, पण तो सर्वांत उपयोगी आहे. चहातला तुरटपणा आणि लाल वाइनमधला तुरटपणा एकाच प्रकारच्या द्रव्यांमुळे येतो, आणि चहात दूध घातले की दुधातली प्रथिने त्या द्रव्यांना धरून ठेवत असल्यामुळे तो मवाळ होतो. ज्याला कोरा कडक चहा नकोसा वाटतो, तो ‘भारदस्त’ म्हणत असला तरी त्याच्या मनात बहुधा गडद रंगाची, पिकल्या फळांच्या चवीची आणि घशाखाली सहज उतरणारी वाइन असते. त्याला मालबेक किंवा झिनफँडेल या द्राक्षांच्या वाइनकडे न्यावे आणि खाली सांगितलेली निम्मी खटपट वाचवावी.

भारदस्त म्हणजे काय, आणि काय नव्हे

रंगावरून भारदस्तपणा ठरवू नये. हा सल्ला इतक्या ठिकाणी इतक्या आत्मविश्वासाने दिला जातो की मला तो खोडून काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. इटलीतल्या बारोलोची वाइन नेब्बिओलो या द्राक्षाची असते, तिचा रंग इतका फिका असतो की ग्लासामागे धरलेली अक्षरे वाचता येतात, आणि तरीही तिचा तुरटपणा भल्याभल्या काळ्याशार वाइनना मागे टाकतो. उलट अलिकांते बूशे या द्राक्षाचा गरच लाल असल्यामुळे त्याची वाइन शाईसारखी दिसते, पण तेवढ्यावरून तिच्या तुरटपणाविषयी काहीही सांगता येत नाही. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर रंगहीन असतो. रंग सालीतून येतो, तुरटपणा साल, बी आणि देठ यांतून येतो, आणि या दोन गोष्टी हातात हात घालून चालतीलच असे नाही.

अल्कोहोलच्या आकड्यावरूनही ठरवू नये. लेबलवरचा आकडा अगदी काटेकोर असतो असेही नाही: युरोपीय संघात सर्वसाधारण वाइनसाठी त्यात अर्ध्या टक्क्याचा फरक चालतो, आणि अमेरिकेत १४ टक्क्यांवरच्या वाइनसाठी एक टक्क्याचा. शिवाय १५ टक्क्यांची वाइन नुसतीच जळजळीत असू शकते आणि १३ टक्क्यांची वाइन तोंड भरून टाकू शकते. तुरटपणा, आम्लता, अल्कोहोल आणि फळाचा दाटपणा या चारही गोष्टी भरपूर असून एकमेकींना तोलून धरतात, ती वाइन भारदस्त, असे मी मानतो. काबेर्ने सोव्हिन्यों, सिरा, ताना, मूर्व्हेद्र, आल्यानिको, साग्रांतिनो आणि नेब्बिओलो या द्राक्षांकडे यासाठी पाहावे. एवढ्या नावांनी सुरुवात करायला पुष्कळ वाव मिळतो.

वाइनरी खरोखर कुटुंबाची आहे का

लेबलवर आडनाव असणे म्हणजे वाइनरी त्या कुटुंबाच्या हातात असणे नव्हे. रॉबर्ट मोंडावी यांनी १९६६ मध्ये अमेरिकेतल्या नापा खोऱ्यात सुरू केलेली वाइनरी २००४ मध्ये कॉन्स्टेलेशन या कंपनीकडे गेली, पण नाव तेच राहिले. इटलीच्या तस्कनी प्रांतातल्या ब्रुनेल्लो या लाल वाइनची ओळख ज्यांच्यामुळे झाली, त्या बिओंदी-सांती घराण्याच्या वाइनरीची बहुतांश मालकी २०१६ मध्ये एका फ्रेंच उद्योगसमूहाने घेतली. मालकी बदलली म्हणून वाइन वाईट झाली असे मुळीच नाही; मात्र मागणाऱ्याने कुटुंबाची वाइनरी मागितली असेल तर सुचवणाऱ्याने एवढी चौकशी केलेली असावी.

लेबलवरचे शब्दही नीट वाचावेत. फ्रेंच बाटलीवरचे ‘मीझाँ बुतेय ओ शातो’ किंवा ‘ओ दोमेन’ हे शब्द वाइन त्या मळ्यावरच बाटलीत भरली एवढेच सांगतात, मालक कोण ते सांगत नाहीत. जर्मन बाटलीवरचा ‘गुट्सआब्फ्यूलुंग’ (मळ्यावर भरलेली) हा शब्द ‘एर्त्सोयगरआब्फ्यूलुंग’ (उत्पादकाने भरलेली) या शब्दापेक्षा कडक आहे, कारण दुसरा शब्द सहकारी संस्थाही वापरू शकतात. फ्रान्समधल्या स्वतंत्र द्राक्ष उत्पादकांच्या संघटनेचे चिन्ह मात्र खरोखर उपयोगी आहे: खांद्यावर पिंप घेतलेल्या माणसाची आकृती बाटलीच्या आवरणावर दिसली, की द्राक्षे पिकवणारा आणि वाइन करणारा एकच आहे असे समजायला हरकत नाही.

कुटुंबाची वाइनरी म्हणजे छोटी वाइनरी, हाही एक गैरसमज आहे. फ्लोरेन्सचे अंतिनोरी घराणे १३८५ पासून या व्यवसायात आहे, २६ पिढ्या झाल्या, आणि त्यांचा कारभार प्रचंड आहे. फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यात एत्येन गिगाल यांनी १९४६ मध्ये सुरू केलेली वाइनरी स्वतःच्या मळ्यांतली वाइन करते, तशीच इतर उत्पादकांकडून घेतलेलीही मोठ्या प्रमाणावर बाजारात आणते. अर्जेंटिनातल्या मेंदोसामधले कातेना कुटुंब १९०२ पासून, लेबनॉनमधले होशार कुटुंब शातो मुसारमध्ये १९३० पासून आणि दक्षिण ऑस्ट्रेलियातले हेन्श्के कुटुंब १८६८ पासून हे काम करत आहे. अनोळखी छोट्या वाइनरीकडे वळण्यापूर्वी यांपैकी एक-दोघांच्या बाटल्या चाखलेल्या असाव्यात, म्हणजे तुलनेला माप मिळते.

छोट्या कुटुंबाच्या वाइनरीत एक गोष्ट मात्र वेगळी असते आणि तिचा शिफारशीवर थेट परिणाम होतो. मोठ्या कंपनीला एका भागात पाऊस झाला तर दुसऱ्या भागातली द्राक्षे मिसळून चव सारखी राखता येते. ज्यांच्याकडे एकाच उतारावरचे चार-पाच तुकडे आहेत त्यांना ती सोय नसते. जसा हंगाम तशी वाइन. त्यामुळे अशा वाइनरीचे नाव वर्षाशिवाय सुचवणे म्हणजे अर्धीच माहिती देणे होय. एका वर्षाची बाटली स्वतः चाखून शेजारच्या वर्षाची बाटली सुचवू नये.

अवघड पायरी: तुरटपणा तरुण आहे की कच्चा

तरुण भारदस्त वाइन तुरट असतेच. प्रश्न असतो तो हा, की हा तुरटपणा हवेने आणि काळाने मवाळ होणारा आहे, की द्राक्षे पुरती पिकण्याआधी तोडल्यामुळे आलेला, म्हणजे कधीच न जाणारा आहे. पहिल्याला मी तरुण म्हणतो, दुसऱ्याला कच्चा. पहिल्या घोटाला दोन्ही जवळजवळ सारखेच वाटतात, आणि माझ्या दोन्ही मोठ्या चुका इथेच झाल्या.

पहिली चूक अशी. एका कुटुंबाच्या वाइनरीत मी ताना द्राक्षाची वाइन चाखली. पिंपांच्या खोलीतला गारवा, समोर जुने चीज आणि बाटली उघडून तीन तास झालेले, अशा परिस्थितीत ती मला फार आवडली. तीच बाटली मी एका मित्राला त्याच्या घरच्या समारंभासाठी सुचवली आणि तास सांगायला विसरलो. त्याने बूच काढले आणि लगेच सर्वांच्या ग्लासांत वाइन ओतली. पाहुण्यांनी एकेक घोट घेऊन ग्लास खाली ठेवले, ते रात्री आवरताना तसेच भरलेले सापडले. वाइन उत्तम होती. शिफारस अपुरी होती.

दुसरी चूक अधिक गंभीर होती, कारण तिथे दोष माझ्या परीक्षेतच होता. एका अवघड हंगामातली वाइन मला खूप तुरट लागली आणि मी ‘ठेवा, मुरेल’ असा सल्ला दिला. त्या गृहस्थांनी माझ्या शब्दावर सहा बाटल्या सहा वर्षे जपल्या. पहिली उघडली तेव्हा मी हजर होतो. फळाचा स्वाद निघून गेला होता आणि कडवटपणा होता तिथेच होता. बाटलीत वाइन मुरते, पण तोडताना हिरवे असलेले द्राक्ष बाटलीत पिकत नाही. ‘तुरट आहे म्हणजे टिकाऊ आहे’ हे वाक्य तेव्हापासून मी उच्चारलेले नाही, आणि कोणी उच्चारले तर त्या माणसाचा सल्ला घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

हा फरक मला पुस्तकातून नव्हे, तर एका उत्पादकाच्या तळहातावर कळला. तोडणीच्या आदल्या आठवड्यात त्याने वेलीवरचे एक द्राक्ष दोन बोटांत दाबून फोडले, गर बाजूला केला आणि बिया तळहातावर ठेवल्या. सावलीकडच्या घडातल्या बिया हिरवट होत्या, गर त्यांना बुळबुळीत चिकटून होता, आणि चावल्यावर त्या कडू, चिवट लागल्या. उन्हाकडच्या घडातल्या बिया तपकिरी होत्या, गरापासून सुट्या झाल्या होत्या आणि दाताखाली कुरकुरीत फुटल्या. त्यांतही तुरटपणा होता, पण भाजलेल्या दाण्याचा खमंगपणा त्याच्यासोबत होता. त्याच दोन चवी पुढे वाइनमध्ये शोधायच्या असतात.

परीक्षा घेण्यापूर्वी एक गोष्ट समजून घ्यावी: तुरटपणा ही चव नसून स्पर्श आहे. वाइनमधली टॅनिन नावाची द्रव्ये लाळेतल्या प्रथिनांना धरतात, तोंडातला गुळगुळीतपणा कमी होतो आणि जीभ टाळूला घासू लागते. लाळ पूर्ववत व्हायला वेळ लागत असल्यामुळे तुरटपणा घोटागणिक साचत जातो. याचा अर्थ असा, की पाच भारदस्त वाइन एकापाठोपाठ एक चाखल्या तर पाचवी उगाचच राठ वाटणार. चाखण्याच्या कार्यक्रमात पंधरा-वीस बाटल्यांवरून हात फिरवून केलेल्या शिफारशींवर माझा विश्वास नाही तो यामुळेच. एका बैठकीत दोन, फार तर तीन वाइन घ्याव्यात, मध्ये साधे पाणी आणि पावाचा बिनमिठाचा तुकडा घ्यावा, आणि दोन वाइनमध्ये निदान काही मिनिटे जाऊ द्यावीत. पहिला घोट तोंड तयार करण्यापुरता समजावा. मत दुसऱ्या घोटानंतर बनवावे.

मग गिळल्यानंतर काय होते याकडे लक्ष द्यावे. तोंडाला पाणी सुटले आणि दात आंबल्यासारखे वाटले तर ती आम्लता. घशात आणि छातीत ऊब पसरली तर ते अल्कोहोल. हिरड्या आणि गालांच्या आतली बाजू कोरडी होऊन ओठ दातांना चिकटू लागले तर तो तुरटपणा. या तीन संवेदना सुट्या करता येईपर्यंत कोणालाही भारदस्त वाइन सुचवू नये, कारण लोक यांतल्या कोणत्याही एकीला ‘कडक’ म्हणतात आणि सल्ला चुकतो.

आता मूळ प्रश्नाकडे यावे. पिकलेल्या द्राक्षाचा तरुण तुरटपणा तोंडभर सारखा पसरतो, त्याचा पोत बारीक खडूच्या भुकटीसारखा किंवा जाड मखमलीसारखा जाणवतो, आणि मुख्य म्हणजे तो असताना फळाचा स्वाद हटत नाही; घोट गेल्यावरही दोन्ही बरोबरच रेंगाळतात. कच्चा तुरटपणा ठिकठिकाणी टोचतो, त्याच्या जोडीला कडवटपणा असतो, पुष्कळदा गवताचा किंवा हिरव्या देठाचा वास असतो, आणि फळ आधी संपते, कोरडेपणा मागे एकटा उरतो. कोण आधी संपते हा माझा सर्वांत भरवशाचा निकष आहे. तिसरा प्रकार ओकच्या नव्या पिंपातून येतो: व्हॅनिला, लवंग किंवा नारळासारखा वास आणि शेवटी लाकडाच्या भुशासारखा कोरडेपणा. फळ भरपूर असेल तर तो काही वर्षांत मिसळून जातो. फळ बेताचे असेल तर वाइनभर लाकूडच लागत राहते.

एवढे करूनही शंका उरते, आणि ती फक्त वेळ फेडू शकते. म्हणून बाटली तीन दिवस चाखावी. उघडल्याबरोबर एक घोट, एका तासाने दुसरा, चार तासांनी तिसरा. मग बूच परत लावून बाटली थंड जागी ठेवावी आणि दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी पुन्हा चाखावी. दर वेळी एकच ओळ लिहावी आणि आधीची ओळ झाकून ठेवावी, कारण आपण काय लिहिले होते हे कळले की जीभ त्याच्याशी सहमत होऊ लागते. तरुण वाइन या काळात उलगडते: चार तासांनी कडा गोल होतात, फळ पुढे येते, दुसऱ्या दिवशी पुष्कळदा ती पहिल्या दिवसापेक्षा चांगली लागते. कच्ची वाइन उलट दिशेने जाते. फळ विरत जाते आणि कडवटपणा अधिक उघडा पडतो. ज्या घटकेला ती सर्वांत चांगली लागली, तोच आकडा शिफारशीत लिहायचा असतो. चार तासांनी उत्तम लागली तर ‘चार तास आधी उघडून डिकँटरमध्ये, म्हणजे वाइनला हवा लागावी म्हणून ती ओतून ठेवायच्या काचेच्या रुंद भांड्यात, ओता’ असे लिहावे. दुसऱ्या दिवशीच उत्तम लागली तर ‘आणखी काही वर्षे ठेवण्यासारखी आहे, आजच हवी असेल तर सकाळी डिकँटरमध्ये ओता’ असे लिहावे. हे वर्षांचे अनुमान मी मोकळे ठेवतो. तीन दिवसांच्या परीक्षेवरून ‘बरोबर बारा वर्षांनी’ असे सांगणारे लोक नको तेवढी खात्री देतात.

हवेचा हा उपयोग उत्पादकांनाही ठाऊक आहे. दक्षिण-पश्चिम फ्रान्समधल्या मादिराँ इथे, ताना द्राक्षाच्या प्रदेशात, पात्रिक द्युकूर्नो यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला टाकीतल्या वाइनमध्ये प्राणवायूचे बारीक बुडबुडे सोडण्याची पद्धत विकसित केली, ती हाच तुरटपणा लवकर आटोक्यात आणण्यासाठी. काही प्रदेशांत तर थांबणे हा नियमच आहे: बारोलो किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यांतले १८ महिने लाकडात, बांदोलची लाल वाइन, जिच्यात मूर्व्हेद्र हे मुख्य द्राक्ष असते, तिलाही लाकडात १८ महिने काढावे लागतात. शातो मुसारची प्रमुख लाल वाइन तर तोडणीनंतर साधारण सातव्या वर्षी बाजारात येते. ज्याला घरी वाइन ठेवायला जागा किंवा धीर नाही त्याला अशी, वाइनरीनेच थांबून दिलेली बाटली सुचवणे हा उत्तम मार्ग आहे, आणि तो फार कमी लोक वापरतात.

दोष ओळखावेत

भिजलेल्या पुठ्ठ्याचा किंवा कुबट तळघराचा वास आला तर तो बुचातून आलेला दोष आहे. ती बाटली बाजूला ठेवावी, दुसरी उघडावी आणि त्यावरून वाइनरीविषयी मत बनवू नये. नखांचा रंग काढायच्या द्रवाचा वास ठळक असेल तर सुचवू नये. आगपेटीच्या काडीचा किंवा गंधकाचा वास बहुधा हवेत अर्ध्या तासात उडून जातो. तबेल्याचा, खोगिराच्या चामड्याचा वास ब्रेटानोमायसीस नावाच्या यीस्टमुळे येतो; तो थोडा असेल तर काहींना प्रिय असतो, पण शिफारशीत त्याचा उल्लेख केलाच पाहिजे, कारण अनपेक्षितपणे नाकाशी आला तर माणूस वाइन खराब झाली असे समजतो.

शिफारस लिहिताना

वासांची यादी देऊ नये. ब्लॅकबेरी, तंबाखू, देवदार, कोको, ग्रॅफाइट अशी माळ वाचून कोणालाही ती वाइन आवडेल की नाही हे कळत नाही. शिवाय दोन माणसांची नाके सारखी नसतात, आणि याचे सिराइतके चांगले उदाहरण नाही. सिरामधला काळ्या मिरीचा वास रोटंडोन नावाच्या द्रव्यामुळे येतो, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केले, आणि त्याच अभ्यासात सुमारे २० टक्के लोकांना ते द्रव्य भरपूर असतानाही त्याचा वास आला नाही. म्हणजे ‘मिरीचा सुंदर वास’ असे लिहिले तर पाचांतला एक जण तो ग्लासात शोधत बसतो आणि स्वतःलाच दोष देतो. त्यापेक्षा तुरटपणा किती आणि कोणत्या पोताचा, आम्लता किती, घोट गेल्यावर चव किती वेळ राहते, आणि ती कोणाला आवडणार नाही, हे लिहावे. शेवटचा मुद्दा लोक टाळतात. मी तो आवर्जून लिहितो, कारण त्यामुळे उरलेल्या स्तुतीवर विश्वास बसतो.

माझ्या शिफारशीचा नमुना असा असतो: ‘या कुटुंबाची या वर्षाची वाइन गडद, दाट आणि स्पष्ट तुरट आहे; तुरटपणा बारीक पोताचा असून फळ शेवटपर्यंत टिकते. उघडल्याबरोबर ती बंद आणि कोरडी वाटेल, म्हणून चार तास आधी डिकँटरमध्ये ओतावी. जेवणाबरोबर घ्यावी, नुसती पिण्यासाठी मी ती सुचवणार नाही. कोरा चहा न आवडणाऱ्यांसाठी ती नाही.’ चार वाक्ये, आणि त्यांत एकाही फळाचे नाव नाही.

कुटुंबाची कहाणी सांगावी, पण वाइनशी संबंधित तेवढीच. साली रसात किती दिवस ठेवल्या, देठ काढले की ठेवले, पिंप नवे की जुने, त्या वर्षी तोडणीच्या सुमारास पाऊस झाला का, या प्रश्नांची उत्तरे छोट्या वाइनरीत एखादा माणूस थेट देऊ शकतो, आणि ही उत्तरे ग्लासातल्या चवीचा उलगडा करतात. कुटुंबाची वाइनरी निवडण्याचा हा खरा लाभ आहे, त्यामुळे पत्र पाठवून विचारायला संकोच करू नये. मला बहुतेक वेळा मोकळेपणाने उत्तर मिळाले आहे.

बाटलीसोबत द्यायच्या सूचना

तापमान १६ ते १८ अंश सेल्सियस. ‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला उबदार खोलीत घातक ठरतो, कारण गरम वाइनमध्ये अल्कोहोल नाकात चढते. फार गार केली तर मात्र तुरटपणा बोचतो. खोली उबदार असेल तर ओतण्यापूर्वी बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवणे पुरते. ग्लास मोठा असावा आणि तिसरा हिस्साच भरावा. बाटलीचे नुसते बूच काढून ठेवल्याने फारसे काही होत नाही, कारण त्या अरुंद गळ्यातून हवा लागते ती नगण्य. डिकँटर नसेल तर पाण्याच्या स्वच्छ जगमध्ये ओतावी. तिखट जेवणाबरोबर जास्त अल्कोहोलची वाइन अधिक जळजळीत लागते, हेही कळवावे.

जुनी बाटली असेल तर वरची तासांची सूचना लागू होत नाही. तिला हवेपेक्षा साका वेगळा करण्याची गरज असते. छोट्या वाइनरी पुष्कळदा वाइन न गाळता बाटलीत भरतात, त्यामुळे त्यांच्या तरुण बाटल्यांतही साका सापडतो आणि तो पाहून कोणी घाबरू नये म्हणून आधीच सांगून ठेवावे. बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवावी, मानेच्या मागे दिवा धरून एकाच संथ धारेने ओतावी, आणि गळ्याशी काळसर रेघ सरकताना दिसली की तिथेच हात थांबवावा. तळाशी दोन बोटे वाइन उरली तरी ती बाटलीतच राहू द्यावी.